बिजोयाची सही

भाग्यश्री खरवंडीकरला स्वतःचं घर नव्हतं, म्हणूनच तिला दुसऱ्यांच्या घरांचा एवढा कळवळा. टोमणा नाही मारत, आहे ते असं आहे. नवरा अजेय सरकारी बँकेत अधिकारी. लग्न झालं तशी ती खोकी बांधत आणि खोकी सोडत आली. रायपूर, कोइमतूर, गुवाहाटी आणि आता कोलकाता. प्रत्येक गावी बँकेने भाड्याने घेतलेला फ्लॅट, त्याच पांढऱ्या टाइल्स, त्याच सरकत्या खिडक्या. भिंतीत खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारा. बाई पार विटली होती.

डमडमच्या त्या गल्लीत ती राहायला आली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून समोर बघतच राहिली. समोर सान्यालांचं घर. कोपऱ्यावरचं, दुमजली, गोल वळणाची गॅलरी, हिरव्या झडपांच्या उंच खिडक्या, आत घोटून चकचकीत केलेली लाल सिमेंटची जमीन. दारापुढे रस्त्याला लागून रुंद कट्टा, इथे त्याला रोआक म्हणतात. सकाळी पेपर, संध्याकाळी गप्पा. फुटबॉलमध्ये कोणाचं काय चुकलं आणि सरकारचं काय चुकलं, सगळे निकाल त्या रोआकवर लागायचे. गल्लीत अशी घरं अजून बरीच उभी होती. पण मेट्रो जवळ, विमानतळ जवळ, त्यामुळे प्रमोटर लोकांचा डोळा. बिल्डरला इथे प्रमोटर म्हणतात. अधूनमधून एखादं घर पडायचं आणि तिथे भाग्यश्री राहत होती तसली इमारत उभी राहायची. ती राहत होती त्या जागीसुद्धा असंच एक घर होतं, हे तिला वर्षभराने कळलं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

गल्लीच्या टोकाला कादंबरी सेनगुप्ता नावाची तरुण आर्किटेक्ट राहायची. घरं वाचवायची म्हणून तिने एक समिती काढली होती. समिती म्हणजे ती, चार निवृत्त मास्तर आणि भरपूर चहा. भाग्यश्रीने पदर खोचला आणि समितीत जीव आला. तिला अर्ज लिहिता येत होते, साहेबांच्या दाराबाहेर न कंटाळता बसता येत होतं. हिंदी चांगलं, बंगाली मोडकंतोडकं, पण लाज नावाला नाही.

"स्वतःच्या घरातला नळ गळतोय तो बघ आधी," अजेय म्हणायचा. तो खिदिरपूरच्या शाखेत जायचा, घामाघूम होऊन परत यायचा, आणि आल्यावर टेबलावर नकाशे पसरलेले.

"तो नळ बँकेचा आहे," भाग्यश्री म्हणायची. "बँकेला सांग."

समितीच्या मागण्या दोन होत्या. एक, या गल्लीतल्या घरांना वारसा म्हणून संरक्षण द्या, ती पाडायला बंदी करा. दोन, त्या घरांत माणसांना राहता येईल असे नियम सैल करा. म्हणजे मागच्या मोकळ्या जागेत छोटी लिफ्ट बसवू द्या, खाली संडास-न्हाणीघर काढू द्या, मजले वेगळे करून विकू द्या, पुढच्या खोलीत दुकान टाकू द्या. कादंबरीचं म्हणणं, या दोन मागण्या जोडीच्या आहेत, एक दुसरीवाचून नको. पोरगी शहाणी होती. पण भाग्यश्री पडली बँकवाल्याची बायको आणि कलेक्टर कचेरीतल्या हेडक्लार्कची मुलगी. वडिलांनी जन्मभर एकच मंत्र सांगितलेला, एका अर्जात एकच विषय. दोन विषय घातले की फाइल दोन टेबलांत अडकते.

"आधी बंदी पदरात पाडून घेऊ," ती म्हणाली. "घर उभं राहिलं तर लिफ्टचं बघता येईल ना? पडलं तर लिफ्ट कुठे लावणार?"

बिनतोड वाटलं सगळ्यांना. मास्तरांनी माना डोलावल्या, आणि अर्ज फोडून दोन केले.

आता सह्या हव्या होत्या. बाकीच्यांच्या मिळाल्या, घोडं अडलं सान्यालांपाशी. कोपऱ्यावरचं घर, सगळ्यात जुनं, ते नसेल तर गल्ली म्हणून काही उरतच नाही, असं पालिकेत अर्ज घेणाऱ्या बाईंनीही सांगितलेलं. घर नीरेनबाबू सान्यालांच्या नावावर. पक्षाघाताने त्यांची डावी बाजू गेलेली, दोन वर्षं ते वरच्या मजल्यावरून खाली उतरले नव्हते. जिना अरुंद आणि वळणाचा. खालचा मजला एका जुन्या भाडेकरूच्या ताब्यात. त्याचा छापखाना कधीच बंद पडला, पण कुलूप तसंच, कोर्टात दावा तसाच. सगळं बघायची ती त्यांची बायको, शेफालीदी. सत्तरीला टेकलेली, बारीक, कमरेला पट्टा बांधलेला. अर्जाचा विषय काढला की ती म्हणायची, "बघू गं. पूजा होऊ दे." कधी "त्यांना बरं नाही आज." भाग्यश्रीला वाटलं, म्हातारी माणसं, कागदाला भितात.

युक्ती सुचवली ती लेकीने. नूपुर इथल्या शाळेत रुळलेली, मराठी बोलताना अडखळायची. ती सहज म्हणाली, "आई, तू बिजोयाला जा ना. बिजोयाला कोणी नाही नाही म्हणतं."

खरंच होतं ते. दुर्गेचं विसर्जन झालं की पुढचे दिवस माणसं घरोघरी जातात. थोरांच्या पाया पडायचं, बरोबरीच्यांना मिठी मारायची, नारळाचे लाडू खायचे. भांडण असलं तरी त्या दिवसांत मिटवायचं, दारात आलेल्याला नकार द्यायचा नाही. आणि आपला दसराही तोच. भाग्यश्रीने मेट्रो स्टेशनजवळच्या कांचनाच्या झाडाची पानं आणली, आपट्याची इथे कुठली मिळायला, आणि साडी नेसून गेली सान्यालांकडे. नीरेनबाबूंच्या हातात पान ठेवलं. शेफालीदीच्या पायांवर डोकं ठेवलं, तिच्या हातात पान दिलं आणि पानाखालून अर्ज पुढे केला.

"दीदी, आज नाही म्हणायचं नाही."

शेफालीदीने नवऱ्याकडे बघितलं, पानाकडे बघितलं. मग चष्मा शोधून आणला आणि दोघांच्या सह्या झाल्या. नीरेनबाबूंचा हात तिनेच धरला. तिने लाडवांची बशी पुढे केली आणि पुन्हा नवऱ्याच्या उशाशी जाऊन बसली. भाग्यश्री मात्र जिना उतरताना अक्षरशः तरंगत होती.

पहिला अर्ज डिसेंबरात मान्य झाला. घरांची यादी लागली, वर सान्यालांचं नाव. मालकांची हरकत असेल तर अधिकारी जागेवर येऊन ऐकून घेतील आणि मग यादी पक्की. समितीने रोआकवर मिठाई वाटली. दुसरा अर्ज, नियम सैल करायचा, तो मात्र गेला तसा गेला. चौकशी केली की "विचाराधीन आहे." उलट मान्य झालेल्या कागदात नवीन अट आली होती, यादीतल्या घरात कोणताही बदल परवानगीशिवाय करता येणार नाही. भाग्यश्री लिफ्टसाठी तीनदा पालिकेत जाऊन आली. तिथल्या बाईंनी गोड हसून सांगितलं, "तुम्हीच म्हणालात ना, घराला हात लावू नका म्हणून?"

तोंडात मारल्यासारखं झालं तिला. ती तशीच शेफालीदीकडे गेली, निदान आपण हलगर्जी केली नाही एवढं सांगायला. शेफालीदी स्वयंपाकघरात नवऱ्यासाठी भात मिक्सरमध्ये वाटत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, मिक्सर बंद केला.

"मी प्रमोटरला हो म्हटलं होतं, श्री," ती म्हणाली. भाग्यश्री हे नाव तिच्या जिभेला जड जायचं. "पूजेच्या आधी. तळमजल्यावर दोन खोल्या देणार होता आम्हाला, दाराशी उतार. छापखान्याचा दावाही तोच मिटवणार होता. चाकाच्या खुर्चीतून यांना मी रोज बाहेर नेलं असतं."

"मग सही कशाला केलीत?"

"तू बिजोयाला आलीस. माझ्या पायांवर डोकं ठेवलंस. मी काय म्हणायला हवं होतं?"

"नंतर सांगायचं ना, दीदी. दुसऱ्या दिवशी सांगायचं. मी कागद फाडला असता."

"नंतर सगळी गल्ली येऊन मला धन्य म्हणून गेली. सान्यालांची सून, घर राखलं म्हणे. त्यांना काय सांगू, मला राखायचं नाही? रात्रीतून दोनदा उठवून कूस बदलावी लागते त्यांची. माझी कंबर गेली आहे. मला पडायची भीती वाटते. मी पडले तर त्यांना कोण उचलणार?" तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "तुला हे घर फार आवडतं, ठाऊक आहे मला. तू तिथून बघतेस. तिथून ते छानच दिसत असणार."

भाग्यश्री मटकन तिथल्या पाटावर बसली. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला, स्वतःचा. इतके महिने या बाईच्या हातचा चहा प्यायला आणि तिच्या कमरेचा पट्टा आपल्याला दिसला नाही. खिडकीच्या झडपा तेवढ्या दिसल्या.

"हरकत घ्या," ती शेवटी म्हणाली. "साहेब येतील तेव्हा सांगा, आम्हाला यादीत राहायचं नाही. अर्ज मी लिहून देते. समितीचा कोणी चकार शब्द बोलणार नाही, ते माझ्याकडे लागलं."

"ते सही करतील. प्रमोटरला हो म्हणायच्या आधीच त्यांना विचारलंय मी. म्हणाले, तुला योग्य वाटेल ते कर."

कादंबरीला सांगितलं तेव्हा ती आधी चिडली आणि मग रडली. कोपरा गेला की बाकीची घरं एकेक करून जाणार, हे तिला दिसत होतं. "मी म्हटलं होतं दोन्ही एकत्र मागा," एवढंच ती म्हणाली. भाग्यश्रीने ऐकून घेतलं. अजेयलाही सांगितलं. त्याने नेहमीसारखी चेष्टा केली नाही, पाण्याचा ग्लास आणून दिला.

अधिकारी यायचे होते त्या रविवारी सकाळी छान ऊन पडलं होतं. हरकतीचा अर्ज भाग्यश्रीनेच टाइप करून शेफालीदीकडे दिलेला. साहेब वर जातील, सही घेतील, पाच मिनिटांचं काम. पण नीरेनबाबूंच्या मनात काय आलं कोण जाणे. ते म्हणाले, "घर जाणारच आहे तर मला एकदा रोआकवर बसवा."

यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? गल्लीच्या क्लबातली चार माणसं आली. वेताच्या खुर्चीला चादरीने बांधून त्यांनी नीरेनबाबूंना खाली आणलं. वळणावर खुर्ची तिरकी करावी लागली, भिंतीचा रंग खरवडला, शेफालीदी वरून "हळू, हळू" म्हणत होती. आणले एकदाचे. रोआकवर उन्हात बसवलं, अंगावर शाल घातली, हातात चहाचं मातीचं भांडं दिलं.

आणि मग गल्ली लोटली. मास्तर आले, मिठाईवाला दुकान सोडून आला, समोरच्या इमारतीतली माणसं आली. अजेयही खाली उतरून मागे उभा राहिला. दोन वर्षांत न दिसलेला माणूस दिसला म्हणून म्हातारे डोळे पुसू लागले. नीरेनबाबूंची जीभ जड झाली होती, पण त्या दिवशी ते बोलत सुटले. कोण गेलं, कोणाला नातू झाला, सगळं विचारून घेतलं. फुटबॉलवरून एका मास्तरांशी भांडलेसुद्धा. ते हसले की तोंडाची एकच बाजू हसायची. असा हा माणूस, आणि आपण त्याला वर कोंडून ठेवायला निघालो होतो, असं भाग्यश्रीच्या मनात आलं. बरं झालं, आज मोकळं होईल सगळं.

साहेब उशिरा आले. वयाने लहान, सभ्य, हातात फाइल. घर बाहेरून बघितलं, फोटो काढले, मग नीरेनबाबूंसमोर उभे राहिले.

"आपली हरकत आहे असं कळलं. लेखी दिलीत तर मी नोंदवून घेतो."

शेफालीदी दारातून पुढे आली. अर्ज तिच्या हातात, पेन पदराला अडकवलेलं. नीरेनबाबूंनी भांडं मांडीवर टेकवलं आणि आपला चांगला हात उंबऱ्यालगतच्या खांबावर ठेवला.

"हरकत?" ते म्हणाले. "नाही. काही हरकत नाही. राहू द्या घर."

क्षणभर कोणाला नीट कळलं नाही. मग टाळ्या पडल्या. कादंबरीने भाग्यश्रीचा दंड धरला. शेफालीदी आहे तिथे उभी होती, अर्ज पुढे धरलेला.

"शेफाली, अगं, इतकं सोपं आहे," नीरेनबाबू लहान मुलासारखे सांगत होते. "खुर्चीतून आणलं की झालं. हे आणतील रोज. काय रे, आणाल ना?"

"रोज," क्लबवाले म्हणाले. "रोज आणू, नीरेनदा. सांगायचं काम नाही."

"आम्ही आहोत की," मास्तर म्हणाले. सगळ्या गल्लीने होकार दिला. सगळे अगदी मनापासून बोलत होते, त्यात खोट नव्हती. आणि भाग्यश्रीला स्वच्छ दिसत होतं की असला होकार आठवडाभर टिकतो. मग कोणाची ड्यूटी निघते, कोणाचा गुडघा दुखतो.

साहेबांनी फाइल उघडली. "मग हरकत नाही असं लिहितो. अर्जावर दोघांच्या सह्या आहेतच."

"साहेब, थांबा," भाग्यश्री पुढे झाली. "त्यातली एक सही माझ्यामुळे झाली. दीदींची इच्छा नव्हती. मी बिजोयाच्या दिवशी गेले, त्यांना नाही म्हणता आलं नाही. ती सही धरू नका. त्यांना विचारा, आत्ता विचारा."

नीरेनबाबूंनी मान वळवून बायकोकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. मांडीवरचं भांडं कलंडलं, चहा शालीवर सांडला. शेफालीदी वाकली, पदराने शाल पुसली. पुसता पुसता हातातल्या अर्जाची घडी घातली आणि कमरेच्या पट्ट्यात खोचली.

"काय बोलते आहेस, श्री," ती सरळ होत म्हणाली. "माझी सही मी केली. मला कोण भरीस घालणार?"

"दीदी..."

"लिहा, साहेब. दोघांची मर्जी आहे."

साहेबांनी लिहिलं. नीरेनबाबू पुन्हा हसले. साहेब गेले, पाठोपाठ मंडळी पांगली. रविवार होता, मटण आणायचं होतं, टीव्हीवर सामना होता. थोड्या वेळाने नीरेनबाबू अस्वस्थ झाले. लघवीला जायचं होतं, आणि न्हाणीघर वर. क्लबवाल्यांपैकी दोघेच सापडले. अजेयने बाह्या सरसावल्या. खुर्चीचा चौथा पाय धरायला कोणी नव्हतं, तो शेफालीदीने धरला. भाग्यश्रीने तिचा हात बाजूला करायला बघितला, तर ती म्हणाली, "तू मागून पाठ धर त्यांची. मागे कलतात ते."

जिना खरोखरच अरुंद होता. वळणावर सगळी थांबली. अजेयला धाप लागली होती, शेफालीदीने कपाळ भिंतीला टेकलं होतं आणि डोळे मिटले होते. भाग्यश्रीच्या तळहातांखाली नीरेनबाबूंची पाठ उन्हाने अजून गरम होती.

"उद्या जरा लवकर न्या मला," ते खुर्चीतून म्हणाले. "अकरानंतर ऊन जातं तिथलं."

"बरं," शेफालीदी म्हणाली, आणि खुर्चीचा पाय पुन्हा उचलला.